केल्म्स्कॉटच्या घराचे वय शोधताना

इंग्लंडमध्ये वारसा-संवर्धनाचा अभ्यासक्रम करत असताना दुसऱ्या सत्राच्या आरंभी आम्हाला एक काम देण्यात आले. एखादे लहान, जुने ग्रामीण घर निवडायचे आणि त्याचा कोणता भाग कोणत्या काळात बांधला गेला हे केवळ पाहून ठरवायचे, एवढेच ते काम होते. नियम तीन होते. घराविषयी छापलेले काहीही आधी वाचायचे नाही. मोजपट्टी न वापरता पावले, वीत आणि डोळा यांवर भागवायचे. आणि नकाशात काळानुसार रंग भरताना प्रत्येक रंगामागे किमान दोन स्वतंत्र पुरावे द्यायचे, ज्यांतला एक तरी भिंतीतला किंवा छपरातला असला पाहिजे. या तिसऱ्या नियमाचा उत्तरार्ध मी वहीत नीट उतरवून घेतला होता, पण त्याचा अर्थ कळायला मला दीड महिना लागला.

पुण्यात मी चार वर्षे वाड्यांच्या मोजणीचे काम केले होते. सागवानी खांब, तुळया आणि पांढऱ्या मातीच्या भिंती माझ्या हाताखालून गेलेल्या होत्या, आणि त्यामुळे जुने घर वाचता येते असा एक समजही माझ्या मनात घट्ट बसला होता. मी केल्म्स्कॉट मॅनर निवडले. ऑक्सफर्डशायरच्या पश्चिमेला, थेम्स नदीच्या काठाजवळच्या एका छोट्या खेड्यातले हे घर एकोणिसाव्या शतकातले इंग्रज रचनाकार आणि लेखक विल्यम मॉरिस यांचे म्हणून प्रसिद्ध आहे. मॉरिस हे नाव वेलबुट्टीच्या भिंतीच्या कागदांमुळे आमच्याकडच्या वास्तुविद्यालयांतही माहीत असते. घराच्या रचनेबद्दल मात्र मला काहीच ठाऊक नव्हते, आणि नियमाप्रमाणे ते योग्यच होते.

पहिल्या भेटीला लेचलेड या गावापासून नदीच्या काठाने चालत गेले. अंतर सुमारे पाच किलोमीटर आहे. सपाट कुरणे, वाळुंजाची झाडे आणि मधूनच दुसऱ्या महायुद्धात उभारलेली काँक्रीटची बुटकी ठाणी लागतात. हा भूभाग कॉट्सवोल्ड टेकड्यांच्या पायथ्याचा. इथली कुंपणे, कोठारे, चर्च आणि घरे सगळी एकाच फिकट चुनखडीच्या दगडाची असल्यामुळे कोणती इमारत कुठे संपते आणि कुठे सुरू होते हे दुरून कळत नाही. काळ्या बसाल्टच्या प्रदेशातून आलेल्या माणसाला हा दगड प्रथम जरा कच्चाच वाटतो.

घर पूर्वेकडच्या बागेतून पाहिले. दोन भाग एकमेकांना काटकोनात मिळालेले आहेत. त्यांतला एक बेताच्या उंचीचा, पण तीन मजल्यांचा. त्याच्या दर्शनी बाजूला आढ्यापर्यंत चढत गेलेल्या त्रिकोणी भिंती, म्हणजे गेबल, आणि दगडी दांड्यांनी विभागलेल्या खिडक्या. दुसरा भाग अंगाने तसाच, त्याच दगडाचा, तशाच छपराचा, पण त्याच्या खालच्या मजल्यांवरील खिडक्या मोठ्या आणि गेबलमधल्या वरच्या छोट्या खिडक्यांच्या डोक्यावर त्रिकोणी पेडिमेंट. पेडिमेंट म्हणजे ग्रीक-रोमन देवळांच्या दर्शनी भागावर असतो तो त्रिकोण. इथे तो जेमतेम खिडकीच्या रुंदीएवढा करून बसवला आहे. शेतकऱ्याच्या घरावर तो पाहून मला हसू आले होते, हे कबूल केले पाहिजे.

आत गेल्यावर या दुसऱ्या भागातली तळमजल्याची बैठकीची खोली लागली. तिच्या भिंती पांढऱ्या रंगवलेल्या लाकडी पॅनेलांनी वरपर्यंत मढवलेल्या आहेत, आणि पॅनेलांची घडण पाहताच ती अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातली, म्हणजे पहिल्या जॉर्जच्या राजवटीतली, १७१४ ते १७२७ या काळातली असावी असे वाटले. ते अनुमान बरोबर होते. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकला. पेडिमेंट हा एक पुरावा, पॅनेल हा दुसरा, असे धरून मी जुन्या भागाला तांबडा रंग देऊन ‘१६०० च्या सुमारास’ असे लिहिले, नव्या भागाला निळा रंग देऊन ‘१७२० च्या सुमारास’ असे लिहिले, आणि समाधानाने कागद देऊन आले.

कागद आठवड्याने परत आला. निळ्या भागावर पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह होते. मार्गदर्शक बाईंनी बोलावून विचारले की, निळ्या रंगामागचा भिंतीतला पुरावा कोणता आणि छपरातला कोणता. माझ्याकडे दोन्ही नव्हते. पॅनेल भिंतीवर ठोकलेले असते, ते भिंत नव्हे; आणि पेडिमेंट हा गवंड्याने शिकून घेतलेला एक आकार आहे, तो शहरात कधी आला आणि खेड्यात कधी पोहोचला हे ठाऊक असल्याशिवाय त्यावरून वर्ष सांगता येत नाही, एवढेच त्या म्हणाल्या. मला आठवले, पुण्यात एका वाड्याच्या दिवाणखान्यातल्या रंगीत काचांवरून मालकांनी वाडा दीडशे वर्षांचा सांगितला होता, आणि मी मोठ्या तोऱ्याने त्यांना खांबांच्या बैठका दाखवून तो त्याहून बराच जुना असल्याचे पटवले होते. परक्या देशात येऊन मी नेमकी त्या मालकांच्या जागी उभी राहिले होते.

दुसऱ्या भेटीत खोल्यांकडे पाहायचेच नाही असे ठरवले आणि बहुतेक वेळ बाहेर काढला. भिंती अनघड दगडाच्या, पण नीट थरांत बसवलेल्या आहेत. घडीव दगड फक्त कोपऱ्यांना आणि खिडक्यांच्या चौकटींना वापरला आहे. या प्रदेशातली अशी भिंत म्हणजे खरे तर दोन भिंती असतात: बाहेरची एक, आतली एक, आणि मध्ये चिपा व चुना यांचे भरण. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, ओल बाहेर सोडतो. अशा भिंतींच्या दरजा नंतरच्या काळात कोणी सिमेंटने भरल्या की ओल दगडातून बाहेर पडू लागते आणि दगडाचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. इंग्लंडमधल्या कितीतरी लहान घरांची हानी ऊन-पावसापेक्षा या दुरुस्तीनेच अधिक झाली आहे.

मोजपट्टीला बंदी होती, पण ओळंब्याविषयी नियमात काही नव्हते. किल्लीच्या जुडग्याला दोरा बांधून तो हात लांब करून डोळ्यांसमोर धरला आणि घराच्या कोपऱ्याशी ताडून पाहिला. कोपरा दोऱ्याला समांतर नव्हता. भिंत वर जाताना किंचित आत झुकत होती. आधी वाटले पाया खचला असेल, पण ढाळ एका कोपऱ्यापुरता नव्हता, आणि खचलेली भिंत अशी शिस्तीत झुकत नाही. हा मुद्दाम दिलेला ढाळ होता. आपल्या किल्ल्यांच्या तटाला असतो तो ढाळ उंचीमुळे नजरेत भरतो. इथे तो इतका अल्प आहे की डोळ्याला दिसत नाही, फक्त घर जमिनीतून उगवल्यासारखे भासते.

मग खिडक्या. माझ्या चुकीचे उत्तर त्यांच्यातच होते आणि पहिल्या दिवशी मी त्यांच्यासमोर अर्धा तास उभी होते. वर-खाली सरकणारी लाकडी सॅश खिडकी इंग्लंडमध्ये १६७० च्या दशकापासून दिसू लागली आणि १७०० नंतर ऐपत असलेल्या प्रत्येकाला ती हवीशी झाली. बैठकीची खोली नव्या पॅनेलांनी मढवण्याइतका पैसा आणि हौस असलेल्या घराने १७२० मध्ये संपूर्ण नवा भाग बांधला असता, तर त्याला दगडी दांड्यांच्या खिडक्या ठेवल्या नसत्या. खिडक्या मोठ्या झाल्या होत्या, पण रचना जुनीच होती. म्हणजे हा भाग सॅश खिडकीच्या आधीचा, आणि पॅनेल त्याच्या अंगावर नंतर चढलेले. पेडिमेंटचाही हिशेब मग जुळला. लंडनमध्ये वास्तुविशारद इनिगो जोन्स यांचे बँक्वेटिंग हाऊस, म्हणजे राजवाड्याचे मेजवानीगृह, १६१९ ते १६२२ या काळात बांधले गेले आणि रोमन पद्धतीची वास्तुरचना राजदरबारी प्रतिष्ठित झाली. तिथून तो त्रिकोण थेम्सच्या उगमाकडच्या एखाद्या गवंड्याच्या हाती पोहोचायला चाळीस-पन्नास वर्षे लागली असे धरले, तर आपण १६६५ किंवा १६७० पर्यंत येतो. त्या गवंड्याने देवळाचे प्रमाण, खांब, कमानी काही घेतले नाही. फक्त टोपी घेतली आणि आपल्या नेहमीच्या गेबलमधल्या खिडकीला घातली.

याच भेटीत नव्या भागातल्या फायरप्लेसवर कोरलेले, हे घर बांधणाऱ्या टर्नर घराण्याचे कुलचिन्ह मी नीट पाहिले. आधीच्या भेटीत ते केवळ नक्षी म्हणून वहीत चितारले होते. कुलचिन्ह मिळवणे म्हणजे शेतकरी कुटुंबाने सभ्य गृहस्थांच्या पंगतीत बसणे. ते मिळाल्यावर मोठ्या खिडक्यांची बैठक, तिच्यावर तशीच मोठी खोली आणि बाहेरून दिसणारा एखादा शहरी अलंकार हवासा वाटला, यात नवल काही नाही.

तिसरी भेट छपरासाठी होती, आणि माझ्या मते या घराचा सर्वोत्तम भाग तोच आहे. पाखी खूप उतरती आहेत, आणि त्यांवर दगडाची कौले आहेत. ही कौले भट्टीत भाजलेली नसतात, करवतीने कापलेलीही नसतात. ऑक्सफर्डशायरमध्येच स्टोन्सफील्ड नावाचे गाव आहे, तिथे ती काढण्याची रीत अशी होती: शरद ऋतूत जमिनीखालून चुनखडीच्या दगडाचे मोठे तुकडे वर आणायचे, ते ओले ठेवायचे आणि कडाक्याच्या थंडीची वाट पाहायची. दगडाच्या थरांत मुरलेले पाणी गोठून फुगते आणि दगडाला आडव्या चिरा पाडते. मग हातोडीच्या हलक्या घावांनी पातळ फरश्या सुटतात. तुकडे वाळले की कामाचे राहत नाहीत, म्हणून रात्री हिम पडू लागले की चर्चची घंटा वाजवत आणि गावकरी अंथरुणातून उठून दगडांवर पाणी घालायला धावत, असे त्या गावाबद्दल सांगतात. विसाव्या शतकाच्या आरंभी हा उद्योग बंद पडला. त्यामुळे आज एखाद्या जुन्या छपराची दुरुस्ती करायची तर कौले बहुधा दुसऱ्या उतरवलेल्या छपरावरूनच येतात, म्हणजे एक घर दुसऱ्या घराचे कपडे घालते.

अशा रीतीने निघालेल्या फरश्या एका मापाच्या कशा असणार? म्हणून त्या लांबीप्रमाणे वेगळ्या करत, आणि प्रत्येक मापाला गवंड्यांनी नावे दिलेली होती: मफिटी, बॅचलर, विवेट अशी. छपरावर ती उतरत्या क्रमाने लावायची. सर्वांत मोठी आणि जड कौले वळचणीला, सर्वांत लहान आढ्याजवळ. यामागे सौंदर्यदृष्टीपेक्षा हिशेब अधिक आहे. वळचणीपाशी वरच्या सगळ्या पाख्याचे पाणी येते, तिथे सांधे जितके कमी तितके बरे. आणि तिथले वजन थेट भिंतीवर पडते. आढ्याजवळ पाणी थोडे, आणि वजन लाकडावर, म्हणून तिथे लहान कौले. प्रत्येक कौलाला वरच्या बाजूला भोक पाडून त्यात ओकच्या लाकडाची खुंटी ठोकतात आणि ती खुंटी रिपेवर अडकवतात. आतून चुन्याचा लेप देतात. चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास भार पेलायचा, तर वासे आणि तुळया तशाच दणकट लागतात. मॉरिस यांनी या कौलांच्या मांडणीची तुलना माशाच्या खवल्यांशी आणि पक्ष्याच्या पिसांशी केली आहे. बागेच्या टोकाला उभे राहून पाहिले तर ती तुलना अलंकार न वाटता वर्णन वाटते. मापे लहान लहान होत गेल्यामुळे छप्पर आहे त्याहून उंच दिसते, हे मात्र रेखाटताना कळले. माझ्या पहिल्या कागदावर सगळी कौले सारख्या मापाची काढली होती आणि ते घर एखाद्या नव्या वसाहतीतले वाटत होते.

आतून अरुंद, उभ्या जिन्याने माळ्यावर गेले. जुन्या काळी इथे शेतगडी आणि गुराखी झोपत. उघड्या लाकडी सांगाड्याखाली उभे राहून मी काजळी शोधली, कारण मध्ययुगीन घरात मधोमध जमिनीवर चूल असे, धूर थेट छपरात जाई, आणि त्या काळची लाकडे आजही काळी आढळतात. इथे तसे काही असण्याचे कारण नव्हते. १६०० च्या सुमारास, दगडी धुराडे आल्यावर, बैठकीच्या दालनावर मजला चढवणे शक्य झाले. म्हणूनच हे घर मुळातच तीन मजल्यांचे होऊ शकले. इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १५७० ते १६४० या काळाला ग्रामीण इंग्लंडच्या महा-पुनर्बांधणीचा काळ म्हटले आणि १९५३ मध्ये ती कल्पना मांडली. धान्याचे भाव चढले, जमिनीचे खंड मागे राहिले, आणि सधन शेतकऱ्यांनी दगडात घरे बांधली. केल्म्स्कॉटचा जुना भाग या काळात चपखल बसतो.

तिसऱ्या भेटीनंतर सुधारलेला कागद तयार झाला आणि मग घराविषयी वाचायची मुभा मिळाली. जुना भाग १६०० च्या सुमाराचा, ईशान्येकडचा नवा भाग १६६५ ते १६७० च्या आसपासचा. दोन्ही टर्नर कुटुंबाने बांधलेले. नावात ‘मॅनर’ असले तरी हे जहागीरदाराचे घर म्हणून बांधलेले नव्हते. मॉरिस यांनी ते १८७१ मध्ये कवी-चित्रकार रोझेटी यांच्यासह भाड्याने घेतले. १८९६ मध्ये मॉरिस वारले, १९१३ मध्ये त्यांच्या पत्नी जेन यांनी घर विकत घेतले, आणि १९६२ पासून ते लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज या संस्थेकडे आहे. अलीकडच्या मोठ्या दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये ते पुन्हा खुले झाले.

वाचताना एक गोष्ट हाती आली जी माझ्या नजरेतून पूर्ण निसटली होती. नव्या भागाच्या भिंतींवर चुन्याचा पातळ गिलावा दिलेला होता, आणि मॉरिस यांच्या काळापर्यंत तो विरून दगडाच्याच रंगाचा झाला होता. म्हणजे बाहेरची भिंतसुद्धा नुसती भिंत नव्हती, तिच्यावरही अंगरखा होता. मी दगडांचे थर मोजत बसले होते आणि त्यांवरचे हे पांघरूण माझ्या एकाही रेखाटनात नाही.

पहिल्या मजल्याच्या नकाशाने मात्र मला वेगळ्या कारणाने थांबवले. तिथे बोळ नाही. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असेच जावे लागते. बायबलमधल्या सॅमसनच्या कथेचे विणीव पडदे लावलेल्या मोठ्या खोलीत पोहोचायचे तर कोणाच्या तरी निजायच्या खोलीतूनच वाट. मॉरिस यांनी लिहून ठेवले आहे की, काही पाहुण्यांना बसायच्या खोलीच्या इतक्या लगत पलंग पाहून मोठा संकोच वाटे. माझ्या गटातल्या इंग्रज विद्यार्थ्यांना हा नकाशा विचित्र वाटला. मला तो सोपा वाटला, कारण ओटीवरून माजघर, माजघरातून स्वयंपाकघर आणि कडेची बाळंतिणीची खोली ही रांग मी कितीदा काढली होती. खोलीला स्वतःचे वेगळे दार असावे आणि ते सर्वांना सामाईक बोळात उघडावे, ही अपेक्षा त्या देशातही फार जुनी नाही.

एवढा अवघड इतिहास उघड्यावर शिल्लक राहिला याचे श्रेय बऱ्याच अंशी मॉरिस यांच्या न करण्याला आहे. त्या काळचे वास्तुतज्ज्ञ जुन्या चर्चचे नंतरचे भाग पाडून, भिंती खरवडून ती ‘मूळ’ शैलीत नव्याने घडवत. त्याविरुद्ध मॉरिस, वास्तुविशारद फिलिप वेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. जे आहे ते सांभाळा, गळते तिथे दुरुस्त करा, एका काळाला खरा मानून बाकीचे पुसू नका, असा तिचा आग्रह होता. घर पहिल्या एलिझाबेथच्या काळाचे दिसावे म्हणून कोणी पॅनेल उखडले असते तर माझी चूक झाली नसती, पण ती खोली गेली असती.

शेवटच्या कागदावर दोन मुख्य रंग राहिले. उत्तरेकडच्या बुटक्या दारातून आत आल्यावर जी छोटी लॉबी लागते, तिच्यात लाकडी दांड्यांची एक पडदी आहे आणि त्या दांड्यांमध्ये एके काळी काचा होत्या. तिच्यासाठी माझ्याकडे एकच पुरावा जमला, म्हणून ती जागा करड्या रंगात ठेवली. पॅनेलांचा प्रश्न उरला. त्यांना भिंतीचा रंग देता येत नव्हता आणि गाळताही येत नव्हते. लाकडाची जाडी अडीच सेंटिमीटर धरली. पन्नासास एक या प्रमाणात ती अर्ध्या मिलिमीटरची होते. पेन्सिलीला दोनदा टोक काढून मी खोलीच्या आतल्या बाजूने ती रेघ ओढली आणि तिच्याशेजारी ‘१७१४ ते १७२७’ असे लिहिले.